१५ ऑगस्टची चाळकेवाडी सायकल राइड

प्रिय मित्रा,

सायकल राइड कशी झाली विचारलंस, पण ते मेसेजमधे मावणार नाही म्हणून निवांत बसून लिहितोय.

झेंडावंदन उरकून साताऱ्यातून निघालो, बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या रस्त्याला. पाऊस नावालाच पण वारा असला की बास! ऑगस्टमधे पश्चिमेकडून वाहतो आणि आपला रस्ता नैऋत्येला, म्हणजे जाताना सगळा वारा तोंडावरच. ताशी २० नं चाललायस आणि समोरून २० चाच वारा आला तर हवेचा अडथळा थेट चौपट होतो रे, त्यामुळे सपाटीला पण घाटातला गिअर.

परळीपर्यंत सगळे आपापल्या दमात चालले होते, तरणी पोरं पार पुढे, बँकेतले काका आणि डॉक्टर वहिनी मागे एकेकटे वाऱ्याशी झुंजतायत. मला ते अजिबात पटलं नाही. सुट्टीची राइड आहे, रेस नाही. फाट्यावर सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की आता एका रांगेत, दमदार पोरं आळीपाळीनं पुढे, काका-वहिनी कायम मधे. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवलं की बराच जोर वाचतो, फक्त आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवायचं नाही, वाऱ्याचा झोत आला की चाकाला चाक लागतं आणि मागची सगळी रांग आडवी. पुढचा ओरडायचा "खड्डाऽऽ", की तेच ओरडणं मागे मागे जायचं.

आणि काय सांगू तुला, ठोसेघरच्या चढाला काका चक्क गप्पा मारत होते!

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर पोचल्यावर एक गोष्ट बघ. पवनचक्कीचं तोंड नेहमी वाऱ्याकडे वळलेलं असतं, आम्हाला जाताना सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, म्हणजे वारा अजून समोरूनच. अगदी खाली उभं राहिलं की प्रत्येक पातं खाली येताना "हूप्प… हूप्प" असा आवाज येतो आणि तो छातीत जाणवतो. टपरीवाल्या मावशींनी प्लास्टिकचा कागद दगड लावून ताणून बांधलेला, तरी फडफडत होता, त्याच्या आडोशाला गरम कांदाभजी आणि चहा. सायकली भिंतीला टेकवल्या तर वाऱ्यानं पडायला लागल्या, मग गवतात आडव्याच ठेवल्या.

येताना वारा पाठीवर, पॅडल न मारता पळत होतो म्हण ना. पण खरी काळजी उतारावरच घ्यावी लागते, डोंगराचा आडोसा संपून वळण आलं की बाजूने एकदम धक्का बसतो, सायकल हातभर सरकते, आणि सुट्टीमुळे ठोसेघरच्या धबधब्याला जाणाऱ्या गाड्यांची ही गर्दी. म्हणून उतारावर मात्र सगळ्यांना लांब लांब सोडलं, हॅंडल खालून धरायचं पण हात सैल, ब्रेक वळणाच्या आधी. वहिनी वजनाने हलक्या, त्यांना वारा जास्त ढकलत होता, त्यांच्या पुढे-मागे एकेक जण ठेवला. सगळे धडधाकट खाली आले याचाच मला जास्त आनंद आहे, किती वेळात आलो ते कोणी बघितलं पण नाही.

तू पुण्यात सध्या एकटाच चालवतोस ना? २ ऑक्टोबरला इकडेच ये, सायकल गाडीला बांधून आण, नाहीतर माझ्या भावाची आहे, सीटची उंची तेवढी कळव. काकांनी आत्ताच विचारलंय परत कधी जायचं म्हणून.

तुझाच,
सातारकर