रेकॉर्डिंग असूनही ‘आढळले नाही’ असे सांगणाऱ्या रेकॉर्डरबाबत तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या १६ चॅनलच्या एनव्हीआरमधील (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरमधील) रेकॉर्डिंग-शोधातील दोष, फर्मवेअर (यंत्राच्या आतील सॉफ्टवेअर) अद्ययावत करताना न सांगता झालेले बदल आणि त्यामुळे नष्ट झालेले फुटेज.

महोदय,

आमच्या ६२ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने मार्च २०२४ मध्ये आपल्या कंपनीचा १६ चॅनलचा एनव्हीआर, १२ कॅमेरे आणि ८ टीबीची हार्ड डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. सोबत आपल्याकडूनच वार्षिक देखभालीचा करारही केला. संस्थेचा सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. आपल्या मदत क्रमांकावर गेल्या चार आठवड्यांत आम्ही सहा वेळा तोंडी तक्रार केली असून तिची दखल ज्या प्रकारे घेतली गेली, त्यानंतर सर्व हकीकत एकदा क्रमाने आणि लेखी मांडणे मला आवश्यक वाटते.

१७ जून २०२५ च्या रात्री नऊच्या सुमारास आमच्या एका सभासदांनी मागच्या पार्किंगमध्ये लावलेली स्कूटर १८ जूनला सकाळी साडेसहा वाजता जागेवर नव्हती. ते पार्किंग ७ क्रमांकाच्या कॅमेऱ्यात पूर्ण दिसते, म्हणून कार्यकारिणीचे आम्ही तिघे, स्कूटरचे मालक आणि पोलीस ठाण्यातून आलेले एक हवालदार असे सगळे दहाच्या आत रेकॉर्डरसमोर बसलो. यंत्र बसवताना आपल्या तंत्रज्ञांनी आम्हाला शोधाची एकच पद्धत शिकवली होती. कॅमेरा निवडायचा, तारीख-वेळ भरायची आणि ‘हालचाल’ या प्रकाराखाली शोध घ्यायचा, म्हणजे ज्या ज्या क्षणी काही हलले त्याचे तुकडे समोर येतात. तुम्हाला एवढेच लागेल, असे त्यांनी सांगितले होते आणि सव्वा वर्ष आम्हाला खरोखर एवढेच लागले. त्या दिवशी मात्र रात्री नऊ ते सकाळी साडेसहा या साडेनऊ तासांसाठी पडद्यावर एकच ओळ आली : ‘कोणतेही रेकॉर्डिंग आढळले नाही.’ बाकीच्या कॅमेऱ्यांवरही तेच उत्तर मिळाले.

त्या ओळीचा आम्ही सर्वांनी एकच अर्थ घेतला, की त्या रात्री रेकॉर्डिंगच झाले नाही किंवा झालेले कोणीतरी पुसले. आपल्या मदत क्रमांकावरील प्रतिनिधींनी यंत्राचा अनुक्रमांकही न विचारता, “डिस्क गेली असेल, नाहीतर कोणीतरी डिलीट केले असेल,” असे सांगितले. फोन स्पीकरवर होता आणि खोलीतल्या प्रत्येकाने ते वाक्य ऐकले. रेकॉर्डर सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये आहे आणि त्या रात्री तिथे कामावर होते ते गृहस्थ अकरा वर्षे आमच्याकडे आहेत, त्यांचे वय ५८ आहे आणि इमारतीतील मुले त्यांना मामा म्हणून हाक मारतात. १९ जूनच्या बैठकीत त्यांना कामावरून बाजूला ठेवण्याचा ठराव झाला आणि त्यावर माझी सही आहे. तो निर्णय आमचा होता व त्याची जबाबदारी मी आपल्यावर ढकलत नाही. परंतु तो निर्णय ज्या एका ओळीवर उभा होता, ती ओळ आपल्या यंत्राने लिहिली होती आणि ती खोटी होती.

ती खोटी कशी, हे रविवारी २२ जूनला कळले. आमच्या एका सभासदांची मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ‘हालचाल’ हा प्रकार सोडून साधा प्लेबॅक उघडला, तेव्हा बाराही कॅमेऱ्यांचे त्या रात्रीचे सलग रेकॉर्डिंग टाइमलाइनवर अखंड पट्टी होऊन समोर आले. एक क्षणही गहाळ नव्हता. २ जून रोजी आपल्या तंत्रज्ञांनी फर्मवेअर अद्ययावत केले तेव्हा सर्व चॅनलवरील हालचाल ओळखण्याची सोय बंद झाली होती. म्हणजे रेकॉर्डिंग चालू होते, पण त्याच्यावर हालचालीच्या खुणा पडत नव्हत्या. ज्या खुणा कधी केल्याच गेल्या नाहीत त्या शोधल्यावर काही मिळणार नाही हे उघड आहे. पण मग यंत्राने ‘या काळात हालचाल ओळखण्याची सोय बंद होती, सलग रेकॉर्डिंग उपलब्ध आहे’ असे सांगायला हवे होते. रेकॉर्डिंग नसणे ही एक गोष्ट आहे आणि विशिष्ट प्रकारे शोधल्यावर ते न सापडणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे. या दोन्हींसाठी एकच वाक्य वापरणे हा माझ्या मते आपल्या उत्पादनातील सर्वांत गंभीर दोष आहे, कारण अशा यंत्रासमोर माणूस बसतो तो बहुधा काहीतरी वाईट घडून गेल्यावर, घाईत आणि कोणावर तरी संशय मनात घेऊन.

पुढचा गोंधळ वेळेचा होता. टाइमलाइनवर सकाळचे साडेसहा वाजले तरी स्कूटर जागेवर दिसत होती, जी त्या वेळी मालकांनी स्वतः गेलेली पाहिली होती. जून महिन्यात नाशिकला साडेसहाला चांगले उजाडलेले असते, मग कॅमेरा अजून रात्रीचे काळे-पांढरे चित्र कसे दाखवतो, हा प्रश्न त्या मुलीलाच पडला. तिने चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली वेळ पाहिली, तेव्हा तिथे पहाटेचे चार वाजले होते. फर्मवेअर बदलताना रेकॉर्डरचे वेळक्षेत्र ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे होते ते आठ तास पुढे, म्हणजे चीनच्या प्रमाणवेळेवर गेले होते. कॅमेरे आपली वेळ इंटरनेटवरून स्वतंत्रपणे घेत असल्यामुळे ती बरोबर राहिली आणि केबिनमधल्या पडद्यावर तीच दिसत असल्याने सोळा दिवस कोणाला शंका आली नाही. शोध मात्र रेकॉर्डरच्या वेळेवर चालतो. आपण ग्राहकाला रात्री नऊ ते सकाळी साडेसहाचा शोध देता आहात असे भासवून प्रत्यक्षात संध्याकाळी साडेसहा ते पहाटे चारचा देत होता.

चोरी ४ वाजून ४१ मिनिटांनी झाली होती आणि टाइमलाइनवर ती ७ वाजून ११ मिनिटांना सापडली. दोन अनोळखी माणसे मागच्या फाटकातून स्कूटर ढकलत नेताना ७ क्रमांकाच्या कॅमेऱ्यात दिसतात. त्याच मिनिटाला २ क्रमांकाच्या कॅमेऱ्यात आमचे सुरक्षारक्षक पुढच्या दारी दुधाच्या गाडीला फाटक उघडून देताना दिसत होते, आणि रस्त्यावर रोखलेल्या ११ क्रमांकाच्या कॅमेऱ्यात एक छोटा टेम्पो उभा होता, ज्याचा क्रमांक चित्र मोठे करून कदाचित वाचता आला असता. आम्ही आठ जणांनी हे तिथे उभे राहून पाहिले. त्याच संध्याकाळी आम्ही सुरक्षारक्षकांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली.

इथून पुढे जे घडले ते मला अधिक लागते, कारण पुरावा हाती आल्यावर तो गेला. घाईत आम्ही फक्त ७ क्रमांकाच्या कॅमेऱ्याची सहा मिनिटे पेन ड्राइव्हवर घेतली. महिनाभराचे रेकॉर्डिंग साठते असे विक्रीच्या वेळी लेखी दिलेले होते, म्हणून बाकीचे सावकाश घेऊ असा विचार केला. २४ जूनला पोलीस ठाण्यातील संगणकावर ती फाइल उघडली नाही, कारण ती आपल्या कंपनीच्या खास स्वरूपात होती आणि तिला आपलाच प्लेअर लागतो. त्याच दिवशी आम्ही प्लेअर मागितला. दुवा मिळाला ३० जूनला आणि तो जुन्या मॉडेलचा निघाला. शेवटी ४ जुलैला सर्व कॅमेऱ्यांचे फुटेज सर्वसाधारण एमपी४ स्वरूपात काढायला बसलो, तर डिस्कवरचे सर्वांत जुने चित्र १९ जूनच्या पहाटेचे होते. आम्हाला हवी असलेली पहाट एका दिवसाने निसटली होती.

याचे कारणही २ जूनच्या त्याच भेटीत आहे. मूळ मांडणीत (सेटिंगमध्ये) प्रत्येक कॅमेरा एच.२६५ या चित्र आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीने २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) दराने रेकॉर्ड करत होता. म्हणजे दिवसाला २१.६ जीबी, बारा कॅमेऱ्यांचे मिळून सुमारे २५९ जीबी, आणि ८ टीबीमध्ये जेमतेम ३० दिवस. अद्ययावत केल्यानंतर सर्व कॅमेरे एच.२६४ या जुन्या पद्धतीवर आणि ४ एमबीपीएसवर गेले. दर दुप्पट झाला, दिवस निम्म्याने कमी होऊन साधारण १५ वर आले, आणि डिस्क भरल्यावर जुने फुटेज पुसत जाण्याची सोय मात्र आपले काम चोख करत राहिली. महत्त्वाच्या भागाला कुलूप लावून तो पुसला जाण्यापासून वाचवण्याची व्यवस्था याच रेकॉर्डरमध्ये आहे, हे मला ५ जुलैला पुस्तिकेच्या ८० पानांपलीकडे सापडले. २२ जूनपासून आम्ही आपल्या प्रतिनिधींशी चार वेळा बोललो आणि प्रत्येक वेळी चोरीचे फुटेज आहे असे सांगितले. त्यांपैकी एकानेही ‘आधी ते लॉक करा’ एवढे चार शब्द उच्चारले असते तर हे पत्र फार लहान झाले असते.

८ जुलैला आलेल्या तंत्रज्ञांनी योग्य प्लेअर दिला आणि ७ क्रमांकाची फाइल आता उघडते, याची नोंद मी प्रामाणिकपणे करतो. पण त्या फाइलसोबत रेकॉर्डरने नोंदवलेली वेळ अडीच तास पुढची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासता येणाऱ्या सांकेतिक आकड्यासह) प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि असे प्रमाणपत्र टाळता येत नाही हे आधीच्या कायद्यातील कलम ६५-ब बाबत सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले होते. ज्या यंत्राची वेळ चुकलेली होती त्याच्याबद्दल ‘यंत्र व्यवस्थित चालत होते’ असे मी सचिव म्हणून कशाच्या आधारावर लिहून देऊ? ते का आणि केव्हापासून चुकले हे आपणच लेखी सांगू शकता.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी, की २ जूनला नेमके काय काय बदलले गेले, रेकॉर्डरची वेळ कोणत्या तारखेपासून अडीच तास पुढे होती, आणि यंत्राच्या अंतर्गत लॉगनुसार (यंत्र स्वतः ठेवते त्या कामकाजाच्या नोंदीनुसार) १७ व १८ जूनला कोणीही कोणतेही रेकॉर्डिंग पुसलेले किंवा थांबवलेले नाही, हे आपल्या अधिकृत पत्रावर, अधिकाऱ्याच्या सहीने द्यावे. त्याची एक प्रत पोलीस ठाण्याला आणि एक आमच्या सुरक्षारक्षकांच्या नावे हवी आहे. ते १ जुलैपासून पुन्हा कामावर आले आहेत, पण २ क्रमांकाच्या कॅमेऱ्यातील त्यांचे चित्र आता कुठेच उरलेले नाही आणि ज्यांनी ते रविवारी पाहिले नाही असे काही सभासद अजूनही त्यांच्याकडे पाहून आवाज खाली करतात. पुसून वर नवे लिहिले गेलेले फुटेज परत मिळत नाही हे मला समजते. निदान हे पत्र तरी त्यांच्या हाती पडावे.

याशिवाय सर्व चॅनल मूळ मांडणीवर आणून तसा अहवाल द्यावा, चालू वर्षाचे देखभाल शुल्क परत करावे, आणि शोधाच्या निकालातील ते वाक्य आपल्या पुढील फर्मवेअरमध्ये बदलण्यात येणार आहे का, याचे स्पष्ट उत्तर द्यावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी या कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव संस्थेने केलेला आहे.

वेळक्षेत्र ९ जुलैला मी स्वतः दुरुस्त केले; त्याआधी प्रत्येक मांडणीच्या पडद्याचे छायाचित्र घेतले आहे. लॉग मात्र आपले तंत्रज्ञ येईपर्यंत कोणी हाताळू नये म्हणून रेकॉर्डरचा पासवर्ड बदलून सीलबंद पाकिटात ठेवला आहे. भेटीची तारीख दोन दिवस आधी कळवल्यास ते पाकीट कार्यकारिणी व हवालदारांच्या समक्ष उघडण्याची व्यवस्था करता येईल.

आपला विश्वासू,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

सोबत : देयक व देखभाल कराराच्या प्रती, २ जून व ८ जुलैच्या सेवा-नोंदी, मांडणीची छायाचित्रे, ३० दिवसांच्या साठवणुकीचे विक्रेत्याचे लेखी पत्र.