नियंत्रण कक्षातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली भेट झालेली नाही. फोनवरचा तुमचा आवाज तेवढा ओळखीचा. माझी चोरीला गेलेली गाडी कॅमेऱ्याने शोधून दिली, असं सगळे म्हणतात. मला आभार मानायचे आहेत ते तुमचे.

नंबरप्लेट वाचणारी ही यंत्रणा 1976 साली ब्रिटिश पोलिसांच्या संशोधन शाखेत जन्मली. तेव्हापासून ती खूप तयार झाली. इन्फ्रारेड प्रकाशामुळे रात्रीही पाटी उठून दिसते, सॉफ्टवेअर एकेक अक्षर ओळखून चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतं, आणि हे सगळं क्षणार्धात. तरीही पाटीवर चिखल असला किंवा एखादा स्क्रू नेमका आकड्यावर आला की 8 चा बी होतो, शून्याचा ओ होतो. 2009 साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्याने 3 हा आकडा 7 असा वाचला. कुणी नीट पडताळलं नाही, आणि पोलिसांनी एका निरपराध बाईवर बंदुका रोखल्या. तिचा दोष काय, तर ती स्वतःची गाडी चालवत होती!

तुम्ही मात्र अलर्ट वाजल्याबरोबर गस्तीची गाडी पिटाळली नाहीत. आधी फोटो मोठा करून पाटी स्वतः वाचलीत. रंग, मॉडेल तक्रारीशी जुळवलंत. चोर दुसऱ्याच्या गाडीचा नंबर लावून फिरतात, म्हणून मागच्या बंपरवरचा ओरखडा कोणत्या बाजूला आहे, हेही मला फोन करून विचारलंत. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. गाडी निसटेल, एवढंच डोक्यात होतं. पण गाडीत चोराऐवजी दुसरंच कुणी, कदाचित लेकराबाळांसह, असू शकलं असतं. त्या अनोळखी माणसाची काळजी तुम्ही माझ्या घाईपेक्षा मोठी मानलीत.

आणखी एक. गाडी हातात पडली त्याच दिवशी तुम्ही कळवलंत, “नंबर यादीतून काढलाय, आता निर्धास्त चालवा.” नंबर यादीत राहून गेला असता, तर पुढच्याच चौकात माझ्याच गाडीत मी चोर ठरले असते. ज्यांची गाडी सापडली आहे, त्यांनी हे आवर्जून विचारून घ्यावं.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. म्हणून या पत्राची एक प्रत तुमच्या वरिष्ठांनाही पाठवते आहे, त्या रात्रीची तारीख आणि वेळ घालून. तुमच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद व्हावी, अशी त्यांना माझी विनंती आहे.

तुमची ऋणी,
एक गाडीमालक