घंटा म्हणजे फक्त देऊळ नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीतला घंटेवरचा लेख वाचला, चांगला होता, पण सगळा भर देवळावरच. जुन्या काळी घंटेचे काय काय उपयोग होते ते राहूनच गेलं म्हणून हे पत्र. रोममध्ये म्हणे सार्वजनिक स्नानगृहं उघडली की घंटा व्हायची, चला अंघोळीला! पण मला सांगायचंय ते चीनबद्दल.

१९७७ मध्ये हुबेई प्रांतात सुइझोऊजवळ सैनिक बांधकामासाठी डोंगर फोडत होते, तिथं जुनी कबर लागली, यी नावाच्या एका छोट्या संस्थानिकाची. पुढच्या वर्षी उकरली तर आत ब्राँझच्या ६५ घंटा, लाकडी चौकटीवर तीन मजल्यांत टांगलेल्या, आणि चौकट पेलायला तलवार लावलेले ब्राँझचे शिपाई! त्यातली एक घंटा शेजारच्या चू राज्याच्या राजानं दिलेली, तिच्यावरच्या मजकुरावरून साल निघतं इसवी सन पूर्व ४३३. म्हणजे आपल्या सम्राट अशोकाच्याही आधीची गोष्ट.

आता गंमत बघा. आपल्या देवळातली घंटा गोल, आत लोलक, एकदा बडवली की प्रदक्षिणा संपेपर्यंत घुमत राहते. त्यावर गाणं वाजवायला गेलात तर सुरात सूर मिसळून नुसता कालवा होईल. यीच्या घंटांना लोलकच नाही, बाहेरून लाकडी हातोड्यानं वाजवायच्या, आणि तोंड गोल नाही तर बदामासारखं चपटं, त्यामुळे आवाज पटकन विरतो. शिवाय मधे ठोकलं तर एक सूर, जरा बाजूला ठोकलं तर दुसरा, एकाच घंटेतून! कुठं ठोकल्यावर कुठला सूर ते त्या त्या जागी सोन्यानं भरलेल्या अक्षरांत लिहिलंय. सगळी मिळून पाच सप्तकं. आपल्या पेटीत तीन-साडेतीन असतात हो.

म्हणजे पितरांचे विधी, मेजवान्या यासाठी हा अख्खा वाद्यवृंदच, आणि कुणी किती घंटा टांगायच्या हेसुद्धा दर्जावर ठरायचं. मोठेपणा कसला, त्याच कबरीत यीसोबत २१ स्त्रिया आणि एक कुत्रा पुरलेत, तेही लिहायला हवंच.

हे सगळं आता वुहानच्या म्युझियममध्ये आहे. फोटो छापणार असाल तर कृपया रंगीत छापा, मागच्या वेळच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये घंटा आहे का हंडा तेच कळत नव्हतं.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक