चिऊच्या शस्त्रक्रियेबद्दल

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न.

चिऊच्या शस्त्रक्रियेची तारीख आम्ही तुम्हाला न विचारता नक्की केली, याचे बाबांना वाईट वाटले असेल. परंतु सगळ्या तपासण्या झाल्यावर थांबण्यासारखे काही उरले नव्हते, आणि नुसते फोनवर सांगितले असते तर आईने रात्र जागून काढली असती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चिऊच्या डाव्या मूत्रपिंडाला जन्मापासूनच एकाऐवजी दोन मूत्रनलिका आहेत. खालच्या भागाची नलिका मूत्राशयात नीट उघडते, वरच्या भागाची मात्र लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्याही खाली उघडते, त्यामुळे पोर वेळच्या वेळी जाऊन आली तरी थेंब थेंब गळती चालूच राहते. मुलग्यांमध्ये अशी नलिका त्या स्नायूच्या वरच उघडत असल्याने त्यांना हा त्रास होत नाही. तो वरचा भाग अगदी लहान असल्यामुळे सोनोग्राफीत दिसला नव्हता. आई, "आत्ताच जाऊन आली, तरी चड्डी ओली कशी?" असे तू दिवाळीत म्हणाली होतीस ना, तेच मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी लगेच एमआर यूरोग्राफी, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने मूत्रमार्गाची चित्रे काढणारी तपासणी, करायला लावली. तू तिला तीळगूळ दिलास, रात्री उठवलेस, कधी रागावलीस, त्याने तिचे काहीही बिघडलेले नाही.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. मूत्राशयाच्या मागून खाली उतरणारी ती फुगलेली, नागमोडी नलिका डॉक्टरांनी मला पडद्यावर बोटाने दाखवली. नंतरच्या डीएमएसए स्कॅनसाठी, म्हणजे मूत्रपिंडाचा कोणता भाग किती काम करतो ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी, टोचलेले किरणोत्सारी टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मे होते, तेव्हा बाबांनी किरणोत्साराची धास्ती घेऊ नये. वरचा भाग जवळजवळ काम करत नाही हे त्यातच कळले, म्हणून तेवढाच भाग नलिकेसह दुर्बिणीतून काढायचा आहे. उरलेला भाग आणि उजवे मूत्रपिंड उत्तम आहेत. बाबा, हे काकांसारखे नाही.

माझ्या टॉन्सिलच्या वेळी तुम्ही रात्रभर माझा हात धरून बसला होतात, तसेच आताही बसाल, हे मी जाणते. पण रुग्णालयात एकालाच थांबू देतात. तुमची खोली तळमजल्यावर तयार ठेवली आहे, तिथे कमोडही आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. रात्रीच्या एसटीने मुळीच येऊ नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आणा. चिऊसमोर कोणीही "बिचारी" म्हणायचे नाही, आणि डिंकाचे लाडू डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला द्यायचे नाहीत.

तुमची,
मनू