जिथे गळ पोचतो, तिथे ट्रॉलर येऊ देऊ नका

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी भंडारा जिल्ह्यातला धानाचा शेतकरी. आमच्या साकोलीकडून कोकणचा समुद्र हजारेक किलोमीटर दूर. पण मला गळाचा नाद आहे. लहानपणी बाबांसोबत मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बसून मरळीला गळ टाकायला शिकलो. पुढे लेक लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यात गेली. तेव्हापासून दरवर्षी धानाची मळणी आटोपली की मी पंधरा दिवस तिच्याकडे जातो आणि तिथल्या खडकांवर बसतो. याला चौदा वर्षं झाली.

सुरुवातीला नातवाला घेऊन पहाटेच्या भरतीला जायचो. कोळंबीचा तुकडा लावून वाळूकडे गळ फेकला की मुडदुश्या लागायच्या, कपारीत सोडला की तांबोशी. घरापुरते मासे झाले की नऊच्या आत परत. गेले तीन हिवाळे मला एकही तांबोशी मिळालेली नाही. मागच्या खेपेला अकरा सकाळी मिळून सात मुडदुश्या आणि दोन शेंगाळे. नातू आता अंथरुणातूनच विचारतो, "आजोबा, आज जायचंच का?"

त्याच खडकांसमोर रात्री ट्रॉलरचे, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचे, दिवे असतात. इंजिनाची धडधड लेकीच्या अंगणात ऐकू येते. कोळंबी चिखलाच्या तळाला राहते, म्हणून जाळं तळाशी टेकवून ओढतात. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात, त्या तळ खरवडत जातात. आम्ही शेत वर्षातून एक-दोनदा नांगरतो आणि मग त्याला सुस्तावू देतो. तिथे एकाच पट्ट्यावरून रात्रीमागून रात्री फळी फिरते.

एका सकाळी मी बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांजवळ बसलो. कोळंबी दोन टोपल्या निघाली. बाजूला तिच्या कितीतरी पट ढीग पडला, त्याला तिथे कुटीचा माल म्हणतात. त्यात बोटाएवढे ढोमे होते, तळहातावर मावेल एवढी पाकट होती, चिरडलेले खेकडे होते. शेपटीकडून धरून एक मासा उचलला. लालसर, जेमतेम चार बोटं लांब. तांबोशीचं पिल्लू. ते दोन वर्षांनी माझ्याच नाही, कुणाच्याही गळाला लागलं असतं. हा ढीग सुकवून, दळून कोंबडीच्या खाद्यात जातो.

उथळ किनारा आणि खाडीची तोंडं ही मासळीच्या पिल्लांची वाढायची जागा, आणि कोळंबीही तिथेच दाट सापडते. म्हणून किनाऱ्यालगत ओढलेलं जाळं खोल पाण्यातल्या जाळ्यापेक्षा जास्त नुकसान करतं. हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. त्याखाली ठिकाणानुसार पाच किंवा दहा वाव खोलीपर्यंतच्या पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलरला मनाई आहे. एक वाव म्हणजे सहा फूट. २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. एवढं सगळं असून ते दिवे खडकांसमोर कसे, हा माझा प्रश्न आहे.

मी हौसेचा माणूस आहे. मला मासा नाही मिळाला तरी घरची चूल पेटते. छोटी होडी घेऊन जाणाऱ्या कोळ्याचं तसं नाही. त्याचं आणि माझं पाणी एकच आहे, त्यामुळे माझा गळ रिकामा येतो तेव्हा त्याचं जाळंही हलकंच येत असणार. ट्रॉलरवरच्या खलाशांवरही माझा राग नाही. जवळ कोळंबी मिळत असताना डिझेल जाळून दूर कोण जाईल? त्यांना दूर ठेवणं हे शासनाचंच काम आहे.

आमच्या तलावात एका उन्हाळ्यात काही जणांनी मच्छरदाणीच्या कापडाने मासे ओढले. त्या आठवड्यात सगळ्यांच्या घरी मासे शिजले. पुढची दोन वर्षं तलाव मुका होता. शेवटी ढीवर या मासेमार समाजातल्या म्हाताऱ्यांनी बैठक घेऊन ते कापड बंद केलं आणि पावसाच्या तोंडावर, मासे अंड्यावर असताना, जाळं लावायचं नाही असं ठरलं. ते अजून पाळलं जातं, कारण पाळीवरून सगळ्यांना सगळं दिसतं. समुद्राला अशी पाळ नाही.

म्हणून पाच-दहा वावांची हद्द जागोजागी बोये (तरंगत्या खुणा) टाकून दाखवा, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसालाही कोण आत आलं ते कळेल. गस्तीनौका रात्री फिरवा. ट्रॉलच्या खोल्याला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) असल्याचं बंदरातच तपासा. साधी आस ओढताना मिटते, चौकोनी उघडी राहते आणि पिल्लू निसटतं. कासव बाहेर पडायची सोय जाळ्यात नाही म्हणून अमेरिका आपली समुद्रात धरलेली कोळंबी घेत नाही. ती सोयही सक्तीने बसवा, वेळास-आंजर्ल्याची कासवं त्याच पाण्यात असतात. आणि गळ टाकणाऱ्यांना काय मिळतं याची नोंद कुणीतरी ठेवा. माझ्या चौदा वर्षांच्या वह्या आहेत. तारीख, भरतीची वेळ, मासा, लांबी. मागितल्या तर पाठवतो.

यंदाही मळणीनंतर मी तिथे असेन. नातवाला मी अजून "जायचंच" असं उत्तर देतो.

आपला नम्र,
साकोली तालुक्यातील एक शेतकरी