चपला दारातच होत्या

प्रिय लेकरा,

सप्रेम सलाम.

परवा रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. "आई, माझं खरंच तारण झालंय का? की मी नुसती घाबरून हात वर केला?" फोन केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणून विषय संपवतेस. म्हणून लिहितेय.

चर्चच्या कॅम्पच्या शेवटच्या रात्री दिवे मालवून उपदेशकांनी विचारलं, उद्या घाटात बस उलटली तर डोळे कुठे उघडाल? मग रडारड, मग तारण हवं म्हणून, म्हणजे देवानं पापांतून सोडवावं म्हणून, हात वर. त्यांना तुमची कळकळ असेल, नाही म्हणत नाही. पण मला राग आलाय आणि तो तुझ्यापासून लपवणार नाही. घाबरलेल्या पोरीला त्यांनी घाबरलेलीच घरी पाठवलं.

ही भीती मला चांगली ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची असताना नगरला आमच्या भागात मंडप घालून सभा झाल्या होत्या. प्रभू येशू अचानक येईल, आपल्या माणसांना वर स्वर्गात नेईल, दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल, हे वचन त्या आठवड्यात रोज ऐकलं. पुढच्याच आठवड्यात दुपारी झोपले होते ती उठले, तर घरात कोणी नाही. चुलीवर भांडं तसंच, दार उघडं, आणि उंबऱ्याशी सगळ्यांच्या चपला. बाबांच्या, आईच्या, आजीच्या अंगठा शिवलेल्या. मला वाटलं, झालं. सगळ्यांना वर नेलं आणि मी राहिले. वर जाताना चपला कशाला लागतात! आजही ती चपलांची रांग डोळ्यांपुढे येते. मी ओरडायलाही विसरले होते. मग वरून आजीचा आवाज आला. सगळी गच्चीवर होती, अनवाणी, धोतरावर कुरडया घालत. मी धावत जाऊन तिच्या चिकाने भरलेल्या हातांना मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, आम्ही सगळी इथंच आहोत की."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी रोज रात्री पापांची क्षमा मागून झोपायचे. मध्येच डोळा लागला तर पुन्हा पहिल्यापासून. चार सभांमध्ये चार वेळा हात वर केला. भीतीनं मला प्रार्थना करायला शिकवलं, हे खरं. पण त्या प्रार्थनेत मी सोडून दुसरं कुणी नसायचं. शेजारी खोकणारी आजीसुद्धा नसायची.

जॉन न्यूटनचं नाव तू ऐकलंयस, 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा. मार्च 1748 मध्ये त्याचं जहाज वादळात सापडलं, पाणी आत शिरलं. देवाची टिंगल करणारा हा खलाशी तेव्हा पहिल्यांदा देवाची दया मागू लागला. ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक इथेच थांबवतात. पुढचं सांगत नाहीत. जीव वाचल्यावर न्यूटन गुलामांच्या जहाजांवर कप्तान झाला, 1754 पर्यंत. वर प्रार्थना करायचा आणि खाली तळघरात माणसं साखळदंडांनी बांधलेली असायची. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं ते 1788 मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. वादळाच्या वेळी आपण खऱ्या अर्थानं विश्वासणारे झालोच नव्हतो, हेही त्यानं स्वतःच कबूल केलंय. वादळानं त्याला गुडघ्यांवर आणलं. तळघरातली माणसं मात्र वादळानं दाखवली नाहीत. त्या गीतात तो म्हणतो की भ्यायलाही कृपेनंच शिकवलं आणि भीती घालवलीही कृपेनंच. तू पहिली अर्धी ओळ धरून बसली आहेस, बाळा.

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. आईवडील दुष्काळात गेलेले, मरण त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांना घाबरवायला कुणाला फार कष्ट पडले नसते. पण इंग्लंडमध्ये त्यांचं मन वळलं ते फुलहॅमला. समाजानं टाकलेल्या बायकांची तिथे ज्या मायेनं सेवा चालायची ती पाहून त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची, येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं तिची, गोष्ट सांगितली गेली. 1883 मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि लक्ष्मीबाई टिळक! त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. आपल्याकडे ख्रिस्ती होताना माणूस नरकापेक्षा जास्त भ्यायला तो घर तुटण्याला. लक्ष्मीबाईंना पुढे यायला पाचेक वर्षं लागली, आणि त्या आल्या ते जातिभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवून. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिण्यापासून त्यांची वाट सुरू झाली.

माझं विचारशील तर मी नर्सिंगला असताना रात्रपाळीला एक म्हातारी होती, पाठीला जखमा झालेली, वास यायचा. आमच्या सिस्टर तिला कुशीवर वळवून, हळू आवाजात भजन म्हणत जखमा धुवायच्या. कुणी बघत नसताना, पहाटे तीनला. तिसऱ्या का चौथ्या रात्री मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं. त्या रात्री झोपताना क्षमा मागायची राहिली आणि ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. म्हातारीसाठी मागता मागता झोप लागली होती. मी माझं तारण त्या रात्रीपासून मोजते.

म्हणजे तुझी भीती खोटी आहे असं नाही. परमेश्वराचं भय धरा, असं पवित्र शास्त्रच सांगतं. पण 130 वं स्तोत्र पुन्हा वाच. तिथे म्हटलंय की तुझ्या ठायी क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. आधी क्षमा, मग भय. बापाचा मार बसेल म्हणून भिणं वेगळं, आणि इतकं प्रेम करणाऱ्या बापाला दुखवायला जीव न होणं वेगळं.

आणि बायबलमधला फिलिप्पै गावचा तुरुंगाधिकारी आठव. भूकंपानं दारं उघडली, कैदी पळाले असं समजून त्यानं स्वतःवरच तलवार उपसली. इतका भ्यालेला माणूस पुढ्यात असताना त्याच्याच कैदेतल्या प्रेषित पौलानं आधी त्याला नरक दाखवला नाही. स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत, असं तो अंधारातून ओरडला. तारणाची गोष्ट त्यानंतर निघाली. त्याच रात्री त्या अधिकाऱ्यानं कैद्यांचे घाव धुतले. हे वाचलं की मला दर वेळी गच्चीवरची आजी आठवते.

हात तू घाबरून वर केलास ना? असू दे. तो धरणाऱ्यानं धरला. पुन्हा पुन्हा वर करून खात्री करत बसू नकोस. तुझ्या खोलीतली ती मुलगी महिनाभर जेवत नाही म्हणाली होतीस, तिच्याजवळ जाऊन बस. वाटलं तर तिच्यासाठी प्रार्थना कर, तिला कळलं नाही तरी चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत ये. बाबा वाट बघताहेत. आणि रात्री पुन्हा दचकून जाग आली तर मेसेज नको, सरळ फोन कर. किती वाजले ते बघू नकोस.

तुझी,
आई