मेलबर्नहून घरी

मेलबर्न,
रविवार, ३ ऑक्टोबर २०२१

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे सगळ्यात आधी. भूकंपात काही झालं नाही, मोर्चाच्या आसपासही मी नव्हते, आणि कोरोनाच्या लसीचे माझे दोन्ही डोस कधीच झालेत. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मीही ड्युटीच्या घाईत ‘सगळं ठीक आहे’ म्हणून ठेवून देते, त्याने तुमचं समाधान होत नाही हे कळतं मला. म्हणून आज सुट्टी आहे तर सविस्तर लिहिते. दादा प्रिंट काढून देईल.

भूकंपाचं तर मनातून काढूनच टाका. २२ सप्टेंबरला सकाळी सव्वानऊच्या सुमाराला झाला, ५.९ चा, पण केंद्र शहरापासून लांब, मॅन्सफील्ड नावाच्या गावाजवळ. एका जुन्या इमारतीची भिंत पडली, तेच चित्र सगळ्या चॅनेलवर फिरलं. मी रात्रपाळी करून आले होते, पलंग हलला तशी उठून दाराच्या चौकटीत उभी राहिले. आजीने ६७ सालचा कोयनेचा धक्का इतक्यांदा सांगितलाय की पाय आपोआप तिकडे वळले. बरोबरच्या मुली घाबरल्या होत्या, मी नाही.

आता मोर्चाचं. बाबा, तुम्ही पाठवलेले सगळे व्हिडिओ पाहिले. वेस्ट गेट पुलावर चढलेली माणसं, घोड्यावरचे पोलीस, रबरी गोळ्या. ते खरं आहे, खोटं नाही. पण सोमवार ते बुधवार, शहराच्या मध्यभागी चाललेलं ते प्रकरण होतं. पन्नास लाखांच्या या शहरात बाकीचे लोक घरात होते किंवा माझ्यासारखे कामावर. मी राहते ते उपनगर तिथून बरंच दूर, आमच्या गल्लीत त्या दिवशी कुत्री फिरवणाऱ्या माणसांपलीकडे काही नव्हतं.

आणि ते सगळे लसीच्या विरोधातले होते असंही नाही. सुरुवात बांधकाम कामगारांपासून झाली. पहिला डोस २३ सप्टेंबरपर्यंत घ्याच, नाहीतर कामावर येऊ नका, असा हुकूम निघाला. त्याआधी साइटवरच्या चहाच्या खोल्या बंद केल्या होत्या, म्हणून कामगारांनी भर रस्त्यात टेबलखुर्च्या मांडून डबे खाल्ले. तोवर मला त्यांचं म्हणणं पटत होतं. दिवसभर उन्हापावसात काम करणाऱ्याने जेवायला बसायचं कुठे? मग स्वतःच्याच युनियनच्या कचेरीवर दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी सरकारने दोन आठवडे बांधकामं बंद केली, तिसऱ्या दिवशी युद्धस्मारकाच्या पायऱ्यांवर धुमश्चक्री आणि दोनशेहून जास्त अटका. यात बांधकामवाले किती आणि फक्त भांडायला आलेले किती, यावर इथले पेपर अजून वाद घालतायत. पोलिसांनी तर वृत्तवाहिन्यांच्या हेलिकॉप्टरना वरून चित्रण करायलाच अडवलं, त्यावरून आणखी गदारोळ झाला.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. टाउन हॉलमध्ये लसीकरण केंद्र आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर लोक थुंकले, शिव्या दिल्या, आणि ते केंद्र काही दिवस बंद ठेवावं लागलं. त्या माझ्यासारख्याच नर्स. ही बातमी तुमच्याकडे कुणी दाखवली नसेल, आणि इथेही दिवसाअखेरीस विरून गेली, कारण तिला चित्र नव्हतं.

आई, तू विचारलंस की लस फुकट आणि दारात असताना ही माणसं नाही का म्हणतात. दारात नव्हती गं, तीच तर गोष्ट आहे. लसीकरण सुरू झालं २१ फेब्रुवारीला, आपल्यापेक्षा महिनाभर उशिरा. सरकारने मोठा भरवसा ठेवला होता ॲस्ट्राझेनेकावर, म्हणजे तुम्ही घेतलेल्या कोविशिल्डवरच. पाच कोटी डोस इथेच करायचं ठरलं होतं, आणि तो कारखाना याच शहरात, ब्रॉडमेडोजला. मग क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या होतात असं आढळलं. ८ एप्रिलला सांगितलं की पन्नाशीच्या आतल्यांनी शक्यतो फायझर घ्यावी. १७ जूनला पन्नासचे साठ केले. पुन्हा अकरा दिवसांत इथले पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले की चाळिशीच्या आतले डॉक्टरांशी बोलून ॲस्ट्राझेनेका घेऊ शकतात. आणि फायझर तर पुरेशी आलीच नव्हती. सल्ला देणाऱ्यांचं शास्त्र चुकीचं होतं असं मी म्हणत नाही; तेव्हा इथे साथ जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे लाखांत काही जणांना होणारा त्रासही मोठा वाटत होता. पण प्रत्येक बदलाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फक्त गुठळ्या असायच्या. मी काम करते त्या वृद्धांच्या निवासगृहातले सत्तरी-ऐंशीचे आजोबा, ज्यांना ती लस बिनधास्त चालत होती, तेही हात मागे घ्यायला लागले. त्यांच्याशेजारी बसून मी सांगायची, माझ्या आईने हीच घेतली आहे, पुण्यात बनलेली, टोकनसाठी पहाटेपासून रांगेत उभी राहून. त्यातले बरेच तयार झाले. आई, तुझा हात दुखला आणि एक दिवस ताप आला, एवढंच झालं, हे मी इथे किती जणांना सांगितलं असेल!

आणि पंतप्रधान मार्चमध्ये म्हणाले होते की ही काही शर्यत नाही. ते वाक्य लोक विसरलेले नाहीत. वृद्धांच्या निवासगृहांचंच बघा. गेल्या वर्षीच्या लाटेत या राज्यात ८०० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच निवासगृहांतली. म्हणून आम्ही यादीत सगळ्यात वर. पथकं आली, आजी-आजोबांना टोचून गेली, आणि आम्हा काम करणाऱ्यांना सांगितलं की तुमचं तुम्ही बाहेर बघा. मग वर १७ सप्टेंबरची मुदत, लस नाही तर काम नाही. माझी वेळेत झाली, काळजी करू नका. पण रस्त्यावर न उतरलेल्यांच्या मनातही राग आहे तो या सगळ्याचा आहे. आम्ही सांगाल ते ऐकलं, घरात बसलो, तुम्ही लस वेळेवर आणली नाहीत. उद्या मेलबर्नचे लॉकडाऊनचे एकूण दिवस २४६ होतील, ब्यूनस आयर्सच्याही पुढे, जगात सगळ्यात जास्त. पेपरवाले दिवस मोजत बसलेत.

इथल्या एका सवयीचं मात्र मला अजून नवल वाटतं. मुख्यमंत्र्यांची, म्हणजे इथले प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांची, रोजची पत्रकार परिषद. आपले मुख्यमंत्री फेसबुक लाइव्हवर यायचे ना, तसं समजा, पण हे साथ वाढली की रोज. गेल्या वर्षी सलग १२० दिवस, रविवार नाही की सुट्टी नाही. आधी सकाळी नऊच्या आत नव्या रुग्णांचा आकडा येतो. तो सगळ्यांच्या फोनवर. दुकानात, लिफ्टमध्ये, माणसं नमस्कार-चमत्कार न करता आकडाच बोलतात. काल १,४८८ होता, राज्यातला आजवरचा सगळ्यात मोठा, तर शेजारच्या बाईंनी कुंपणावरून मला तेवढाच आकडा सांगितला आणि त्या आत गेल्या. मग साधारण अकराच्या सुमाराला प्रीमियर येतात. शेजारी खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती, तिलाही लोक ओळखतात. आरोग्य अधिकारी ब्रेट सटन यांचे तर चाहते आहेत. प्रीमियरांनी कोणता कोट घातलाय त्यावरून लोक अंदाज बांधतात, आज बरी बातमी की वाईट. सूट असला की वाईट, साधं जाकीट असलं की काहीतरी ढील मिळणार. मग पत्रकार प्रश्न विचारतात, तास-दीड तास, तेच तेच, उलटसुलट, आणि ते उत्तरं देत राहतात. गंमत म्हणजे अर्धे लोक पत्रकारांवर चिडतात की माणसाला बोलू देत नाहीत, आणि अर्धे प्रीमियरांवर की हा माणूस सरळ उत्तर देत नाही. बाबा, तुम्हाला हे आवडेल असं मला फार वाटतं. सत्तेतला माणूस रोज समोर उभा राहतो आणि त्याला कुणीही काहीही विचारू शकतं. पण घराघरात दिवसभर तेच चालू राहतं, हेही खरं. आमच्या निवासगृहात आजीआजोबांच्या हॉलमधला टीव्ही आम्ही त्या वेळेला बंद करतो. त्यांच्या मुलांना भेटायला येता येत नाही. अखेरच्या घडीलाच परवानगी मिळते. खिडकीच्या काचेपलीकडून कुणी हात हलवून जातं. त्यात पुन्हा आकडा कशाला ऐकवायचा?

रात्रीचं विचारत होतीस ना? नऊनंतर संचारबंदी आहे, पण मी अत्यावश्यक सेवेतली, कामाचं परवानापत्र पिशवीत असतं. पोलिसांनी अडवलं तरी पत्र बघून ‘सांभाळून जा’ म्हणतात. मास्क पूर्ण वेळ असतो. जेवणाचं म्हणशील तर मी नीट जेवते; वजन कमी झालं नाहीये, फोनच्या कॅमेऱ्यात तसं दिसतं. एकटी असते असंही नाही. दोन आठवड्यांपूर्वी पाच जणांना बाहेर बागेत भेटायची परवानगी मिळाली, दोन्ही डोस झालेले हवेत आणि घरापासून दहा किलोमीटरच्या आत. आता पंधरा किलोमीटर झालेत. आम्ही मराठी मुली थंडीत सतरंजी टाकून, शाली गुंडाळून बसलो होतो. थालीपीठं होती. छान वाटलं.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात की एवढे कडक नियम होते म्हणून माणसं वाचली, तक्रार कशाला करता. मी तुमच्याशी वाद घातला नाही, पण दिवसभर ते डोक्यात होतं. वाचली, हे अगदी खरं. मी रोज ज्यांना आंघोळ घालते, भरवते, ती माणसं त्यामुळेच आहेत. पण दारं नुसती विषाणूसाठी बंद झाली नाहीत. २७ एप्रिलला भारतातून येणारी विमानं थांबवली. ३ मेपासून तर आधीचे चौदा दिवस भारतात असलेल्या कुणीही इथे पाऊल ठेवलं, अगदी इथला नागरिक असला तरी, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. आयपीएलचे ऑस्ट्रेलियन खेळाडू मालदीवला जाऊन बसले होते, ते तुम्हाला आठवत असेल. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये साथ भडकली तेव्हा तिथून येणाऱ्यांना कुणी तुरुंगाचं नाव काढलं नव्हतं. १५ मेला तो हुकूम संपला. तोपर्यंत आजी गेलेली होती.

मी यायला हवं होतं, असं तुमच्यापैकी कुणी एकदाही म्हटलं नाही. माझा व्हिसा तात्पुरता. निघाले असते तर परत येता आलं नसतं, आणि घरचे हप्ते, दादाचं लग्न, सगळंच अडलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी बुधवारी सर्वपित्री आहे तेव्हा आजीच्या नावाने बाजूला वाढाल त्यात खव्याची बर्फी ठेवा. तिला डाळीची चालायची नाही.

आता पैशांचं. या महिन्यात ४० हजार पाठवलेत, डॉलर ५४ च्या आसपास होता तेव्हा. लॉकडाऊनमध्ये आम्हाला एकाच निवासगृहात काम करायची मुभा आहे, म्हणून शनिवार-रविवारचं दुसरीकडचं काम बंद झालं आणि मधले काही महिने कमी पाठवले गेले. बाबा, तुम्ही ठेव मोडलीत हे दादाकडून कळलं. मला सांगायचं होतंत. डिसेंबरपर्यंत ती भरून काढू. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या पावसाळ्याआधी करूच, पण आत्ता हॉलवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाका.

लग्न डिसेंबरातच करा. परवा, शुक्रवारी, पंतप्रधानांनी जाहीर केलं की नोव्हेंबरपासून हद्द उघडणार, आणि कोविशिल्डलाही मान्यता देणार. ते ऐकून आईने लगेच ‘मग तू येणार!’ असा मेसेज टाकला. आई, ते नागरिकांसाठी आणि कायम वास्तव्य असलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या व्हिसावाल्यांचं अजून काहीच सांगितलेलं नाही. अर्ज दिलाय, होईल. पण माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. मे महिन्यात पंचवीस माणसं आणि दोन तास, या नियमात लग्न नको म्हणून आपण थांबलो, आणि आजीचं बघायचं राहून गेलं. आता पुन्हा कुणासाठी थांबायचं नाही. हॉलमध्ये शंभर, मोकळ्या जागेत दोनशे एवढी माणसं चालतायत तर वाईचं ते लॉनच बघा. करवली म्हणून आत्याच्या धाकटीला उभी करा, माझी हिरवी पैठणी तिला दे, आई, कपाटात वरच्या खणात आहे. दादाला म्हणावं, कुरकुर करू नको, कान मी आल्यावर पिळणार आहे आणि मानाचं तेव्हाच वसूल करेन.

ॲडलेडच्या स्थळाचं आत्याला सांगा, फोटो पाहिला, मुलगा बरा वाटतोय. पण राज्याची हद्द बंद आहे, त्याला मेलबर्नला येता येत नाही आणि मला तिकडे जाता येत नाही. फोनवर बोलायला माझी ना नाही.

बाबा, बीपीची गोळी रोज घ्या, एक दिवसाआड नाही. आई, गुरुवारी देवळं उघडतायत, पण पहिल्याच दिवशी औंधच्या गर्दीत जाऊ नकोस, चार दिवसांनी जा. मास्क लावून.

दादाला आशीर्वाद म्हणता येत नाही, म्हणून खूप प्रेम. आत्याला आणि काकांना नमस्कार.

तुमची,
छोटी